उभ्या काठ्यांची सोसायटी

माणसाची योग्यता त्याच्याजवळ काय आहे यावरून ठरत नाही. ते ठेवायला त्याला अधिकृत जागा किती मिळाली आहे यावरून ठरते. हे सत्य मला आयुष्याच्या पहिल्या सत्तर वर्षांत कळले नाही, कारण ती वर्षे मी अशा घरांत काढली जिथे कपाटावर ट्रंक, ट्रंकेवर गादी आणि गादीवर पाहुणे ठेवायची पद्धत होती. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठच्या ‘रिव्हर रॉयलिया’ या संकुलात राहायला आले आणि माझे अज्ञान दूर झाले. (संकुलासमोरच्या पाण्याला आम्ही पन्नास वर्षे खाडी म्हणत आलो. खाडी म्हटले की घराला भाव येत नाही, म्हणून बिल्डरने तिची नदी केली. पाण्याने हरकत घेतली नाही.)

या संकुलाने होडीच्या काठीच्या क्षेत्रात जी प्रगती केली, तिची हकिगत कुणीतरी सांगायला हवी. समितीच्या दप्तरात ठराव आहेत, पण ठरावांत माणसे नसतात.

होडीची काठी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. उथळ, गाळाच्या पाण्यात वल्ह्याचा फारसा उपयोग नसतो. माणूस होडीच्या मागच्या टोकावर उभा राहतो, तीन पुरुष उंचीचा बांबू तळाला टेकवतो आणि जोर देऊन रेटतो. होडी पुढे जाते. उपकरणाचे भाग दोनच. एक बांबू, आणि त्याच्या खालच्या टोकाला बांधलेला लाकडाचा ठोकळा. ठोकळा नसला तर बांबू गाळात रुतून बसतो, माणूस बांबूला मिठी मारून तिथेच लटकतो आणि होडी पुढे निघून जाते. (आमच्या व्यवस्थापक समितीचे कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.)

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा पलीकडच्या गावांना जायला हीच सोय होती. मी नर्स होते. बर्फाच्या डब्यात लसी घालून आठवड्यातून एकदा पलीकडे पोरांना टोचायला जायचे. होडी सखुबाईच्या सासऱ्यांची. सखुबाई तेव्हा नवी सून होती. आता आम्ही दोघी एकाच इमारतीत, ती एकोणिसाव्या मजल्यावर आणि मी चौथ्यावर. संकुल तिच्याच जमिनीवर उभे आहे. आधी मिठागर होते, मग शेत, मग कुंपण आणि मग हे. मला ती अजून ‘नर्सबाई’च म्हणते.

तिच्या घराची काठीबाबत एक रीत आहे, आणि पुढचे सगळे त्या रीतीवर अवलंबून असल्याने ती नीट सांगते. काठी नेहमी आडवी ठेवायची. घरात मयत झाली तरच काठावर उभी रोवायची, म्हणजे पलीकडच्या नातेवाइकांना दिसते आणि ते रडायला येतात. ज्याच्या नावाने काठी उभी, त्याला रडून होईपर्यंत त्या काठावरून नवरी निघत नाही. आणि नवरी निघते ती माहेरच्या काठीनेच : मामा तिला पाण्यापलीकडे नेतो. मात्र एकदा उभी राहिलेली काठी नवरीला चालत नाही. सखुबाईच्या घरातल्या सहा मुली अशा गेल्या. सातवी, शेवटची, तिची नात रुपाली. तिचे लग्न वैशाखात ठरले होते, बरोबर पलीकडच्या काठावर. सखुबाईचे एवढेच म्हणणे होते की तोपर्यंत काठी आडवी राहावी. माणसाने म्हातारपणी याहून कमी मागू नये आणि याहून अशक्य काही मागू नये.

आता संकुलाकडे. बिल्डरच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होडी होती. पांढरी विजार आणि गवती टोपी घातलेला गोरा तरुण काठी घेऊन उभा, पुढे उशांना टेकून एक तरुणी पहुडलेली, पाणी निळेशार. खाली लिहिले होते : ‘रोज सकाळी पंटिंग, तुमच्या दारात.’ सखुबाईचा मुलगा कमलेश ते पान घेऊन आईकडे गेला.

“आये, बग. आपल्या खाडीत आता गोरं लोक काठी मारनार.”

सखुबाईने चष्मा लावला. “पांढरी इजार? ह्याला म्हनावं ओहोटीला ये एकदा, मंग धुनार कोन ती? आन् ही बया झोपलीय का मेलीय? काठीचं पानी गलतंय ना तिच्या अंगावर.”

पंटिंग, म्हणजे हेच काठीने होडी रेटणे, अर्थातच सुरू झाले नाही. जलपर्णीची सतरंजी इतकी दाट आहे की बगळे तिच्यावरून चालत फिरायला जातात. (निळे पाणी ही ‘कलाकाराची कल्पना’ आहे असे पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. गोरा तरुणही त्याच सदरात मोडत असावा.) परंतु कमलेशने जमिनीच्या करारात आईच्या हट्टाने एक कलम घालून घेतले होते : होडीला आणि काठीला संकुलात कायमची जागा. होडी काठावर उपडी घालून ठेवता येते. काठी बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी मांडवाचा खांब झालेली असते. लिफ्टमध्ये ती मावेना, जिन्यात वळेना. तेव्हा करारानुसार तिला तळमजल्यावर पार्किंगची नऊ नंबरची जागा मिळाली. तिथे ती विटांवर आडवी, अंगावर ताडपत्री घेऊन, सुखाने राहू लागली.

समितीचे सचिव विनीत पाटणकर हे अत्यंत नियमबद्ध गृहस्थ आहेत. (स्वतःचे वडील भेटायला आले तेव्हा त्यांना फाटकावर ‘कुणाकडे’ आणि ‘काय काम’ हे दोन्ही रकाने भरायला लावले होते.) पार्किंगमध्ये वाहनाखेरीज काहीही ठेवू नये हा नियम. करार मोडता येत नव्हता आणि नियम मोडवत नव्हता. सामान्य माणूस अशा वेळी गोंधळतो. विनीतरावांनी काठीलाच वाहन ठरवले. होडी हे वाहन आहे. होडीला इंजिन नाही. होडी चालते ती काठीने. अर्थात काठी हाच वाहनाचा मुख्य भाग होय. काठीला गाडीचा स्टिकर लागला. पुढे कुणीतरी लक्षात आणून दिले की हे वाहन धूर सोडत नाही, तेव्हा तो स्टिकर काढून हिरवा लावण्यात आला आणि चार्जिंगची सोय देण्यात आली. त्यानंतरच्या तपासणीत काठी चार्जिंगला लावलेली आढळली नाही, म्हणून सखुबाईला ताकीद मिळाली.

इथपर्यंत सगळे रीतसर होते. पुढे जे झाले ते त्याहूनही रीतसर झाले.

‘रिव्हर रॉयलिया’त घरे आहेत दोनशे चाळीस आणि पार्किंगच्या जागा एकशे साठ. उरलेल्यांसाठी आणि दुसरी जागा हवी असणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला बहुमजली यांत्रिक पार्किंग व्हायचे आहे. ते बांधलेले नाही, त्याला परवानगी नाही आणि नकाशात त्या जागेवर बालोद्यान आहे. प्रतीक्षायादी मात्र तयार आहे, आणि जिच्यात मिळायचे काहीच नसते त्या यादीत माणसे फार ईर्षेने उभी राहतात. यादीत क्रमांक मिळवायला नोंदलेले वाहन लागते. गाडी लाखांची येते. बांबू कल्याणच्या बाजारात मिळतो.

पहिली काठी कुणी आणली यावर मतभेद आहेत. दुसरी सगळ्यांनी एकदम आणली. टेम्पोच्या टेम्पो आले. खजिनदार कुंडलिकरावांनी सभेत विचारले, “पण होडी कुठंय?” प्रश्न गंभीर होता म्हणून त्यावर उपसमिती नेमली गेली. तिने अभ्यास करून सांगितले की होडी असणे इष्ट आहे, आवश्यक नाही. कुंडलिकरावांचे समाधान झाले आणि त्यांनी दोन काठ्या नोंदवल्या, दुसरी सुनेच्या नावाने.

बघता बघता एकशे त्रेचाळीस काठ्या झाल्या. त्यांत साधे बांबू होते, वार्निश केलेले होते, मुठीला मऊ कातडे शिवलेले होते. अकराव्या मजल्यावरच्या मृणालची अ‍ॅल्युमिनियमची घडीची काठी बाहेरून मागवलेली होती. तिचे प्लॅस्टिकचे वेष्टन अजून काढलेले नाही, कारण काढले तर ती वापरलेली ठरेल. एक काठी म्हणजे पडद्याचा दांडा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पावतीवर ‘काठी’ लिहिले आहे. क्लबहाउसमध्ये ‘काठी आणि मनःशांती’ या विषयावर रविवारी व्याख्यान होऊ लागले. मृणालने काठीधारकांची पाहणी केली. खाडी जवळून पाहिलेले नऊ निघाले, पैकी दोघे पाय घसरून. काठीचे कोणते टोक पाण्यात घालायचे हे एकतीस जणांनी बरोबर सांगितले. बाकीच्यांचे मत पडले की ते कंपनीवर अवलंबून असते.

माझ्या नावाची काठीही त्यांत होती, क्रमांक एक्केचाळीस. मुलगा बंगळुरात असतो. त्याने तिथून मागवली. मला गाडी चालवता येत नाही. तो म्हणाला, “आई, प्रश्न गाडीचा नाहीये, हक्काचा आहे.” मी गप्प बसले. हक्क म्हटला की आमच्या पिढीला कुणीतरी वर गेल्यासारखे गप्प बसायची सवय आहे.

आता एकशे त्रेचाळीस काठ्या आडव्या ठेवायच्या तर एकशे त्रेचाळीस जागा लागणार, आणि जागा नाहीत म्हणून तर काठ्या घेतल्या होत्या. विनीतरावांनी मार्ग काढला. खाडीकडच्या भिंतीला लोखंडी कड्या बसवायच्या, प्रत्येकीत एक काठी उभी, काठीला क्रमांकाचा बिल्ला. नियम सात : उभी काठी म्हणजे चालू हक्क, काठी खाली घेतली की क्रमांक रद्द. काठ्या उभारायचा मुहूर्त अक्षय्य तृतीया, कारण त्या दिवशी मिळवलेले कधी सरत नाही. रुपालीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते.

सखुबाई सभेला आली. आयुष्यात पहिल्यांदाच. तिने माइक नाकारला. तिला लागत नाही.

“उभी काठी म्हंजी मयत,” ती म्हणाली. “पलीकडनं दिसते. एक उभी केली तरी तिकडचा गाव रडत येतो, तुमी तं शंभरावर उभ्या करता. आन् काठी उभी असली का नवरी निघत नाय. माजी नात जायाचीय. दोन दिस थांबा, मंग काय करायचा तो करा.”

सभेने जोरदार टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात नोंद झाली : ‘श्रीमती सखुबाई यांनी मनोरंजक सांस्कृतिक माहिती दिली. आभार.’ पुढचा विषय कड्यांच्या रंगाचा होता. तो बराच वेळ चालला.

जिन्यात तिने मला गाठले. “नर्सबाई, मी काय गानं बोल्ली का? टाल्या कशाला पिटल्या मेल्यांनी?”

“इथे टाळ्या म्हणजे ‘आता खाली बसा’, सखू.”

त्यानंतर तिला पत्रे येऊ लागली. एकसमानतेच्या दृष्टीने तिचीही काठी उभी करावी आणि नऊ नंबरची जागा मोकळी करावी. एकदा फरशी धुताना सफाईवाल्यांनी काठी उचलून खांबाला तिरकी टेकवली. सखुबाई एकोणिसाव्या मजल्यावरून खाली आली तेव्हा तिचा आवाज आधीच पोचलेला होता. रुपालीचा मामा, म्हणजे सखुबाईचा भाचा गोविंदा, मानपाड्याहून तातडीने आला. उमर साठीची, जन्म कारखान्यात गेलेला, पण काठीच्या बाबतीत घरचा शेवटचा शब्द त्याचा. त्याने काठी नीट पाहिली आणि निकाल दिला : “टेकली हाय, रोवली नाय. चालेल.”

त्या दिवसापासून सखुबाई नऊ नंबरमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसू लागली. लग्नाची सगळी तयारी तिथेच झाली. तांदूळ तिथे निवडले, वाल तिथे सोलले, आहेराच्या साड्या काठीवरच घड्या घालून ठेवल्या. समितीने फलक लावला : ‘पार्किंगमध्ये वाल सोलण्यास सक्त मनाई आहे.’ सखुबाईला वाचता येत नाही. मला येते, पण मी वाल सोलत होते.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी नारळ फोडून काठ्या उभारण्यात आल्या. सखुबाईचे घर तेव्हा हॉलवर हळदीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळी नवरी निघायची होती. गोविंदाने आठवडाभर कोयत्याने जलपर्णी कापून होडीपुरती वाट केली होती. पलीकडच्या काठावर नवऱ्या मुलाची, हर्षितची, आजी मीराबाई औक्षणाचे ताट घेऊन उभी राहणार होती.

सकाळी मीराबाई काठावर आली, तिने इकडे पाहिले आणि ताट खाली ठेवले.

कमलेशने फोनवर परोपरीने सांगितले की सगळे ठीक आहे. मीराबाई ऐकेना. “लग्नघरातली मयत फोनवर कोन सांगतो रे? तुजा बापूस मेला तवा पन ‘सगलं बरं’च बोललेला तुमी.” तिने गावातल्या बायका गोळा केल्या, दुःखाच्या घरी न्यायच्या भाकऱ्या आणि पिठले टोपलीत घातले, आणि त्यांच्या होडीतून चौदा जणी या काठाला आल्या. भिंतीखाली बसल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढले आणि मोठ्याने रडू लागल्या.

बाल्कन्या भरल्या. लोकांना वाटले, मुहूर्तानिमित्त क्लबने लोकसंगीत ठेवले आहे. मृणालने थेट प्रक्षेपण सुरू केले. सहाव्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारले की नाश्ता तळमजल्यावर आहे की क्लबहाउसमध्ये.

सखुबाई धावत आली. “मीरा, ए मीरा, गप. कोनी मेला नाय.”

“कोनी नाय?” मीराबाईने डोळे पुसून भिंतीकडे पाहिले. “येवढ्या काठ्या उभ्या, आन् कोनी मेला नाय?”

“गारी ठेवायला हायत त्या.”

“काठीवर गारी ठेवतात?”

“नाय गो. गारीच्या जागेची वाट बगतात.”

मीराबाईने पुन्हा एकदा सगळी भिंत पाहून घेतली. मग म्हणाली, “मंग खाली घाला. पोर जाऊ दे, मंग परत वाट बगा.”

विनीतराव अर्ध्या चड्डीत खाली आले आणि फाटकापाशी तातडीची सभा भरली. भरती उतरेपर्यंत काठ्या आडव्या करायच्या, एवढाच विषय होता. नियम सात वाचून दाखवण्यात आला. काठी खाली घेतली की क्रमांक रद्द. सभासदांची नवरीला पूर्ण सहानुभूती होती, हे मी स्वतः ऐकले आहे. जो तो म्हणत होता की आपण तयार आहोत, फक्त शेजाऱ्याने आधी घ्यावी. कुंडलिकराव म्हणाले, आपल्या दोन आहेत, एक घेतली तर दुसरीवर अन्याय होईल. पडद्याच्या दांड्याचे मालक म्हणाले, आमची काठी मुळात काठीच नाही, तेव्हा ती उभी असली तर कुणाला काय त्रास?

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, हात लावू नकोस.” मी लावला नाही.

काठावर होडी सुलटी करून तयार होती. गोविंदा गुडघाभर पाण्यात उभा. “आत्या, पानी उतरायला लागला,” तो म्हणाला. “घटकाभरानं गाळ उघडा परेल, मंग माज्या हाती काय नाय.” रुपाली नऊवारी आणि हिरव्या चुड्यानिशी उपड्या क्रेटवर बसली होती. ती शिकलेली, शहाणी मुलगी. हळूच म्हणाली, “आजी, नको आता तमाशा. पुलावरून गाडीनं जाऊया.”

 लग्नासाठी नेसलेल्या साडीचा पदर हातात घेऊन सखुबाई त्याच्या किनारीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला मी गप्प बसलेली पाहिली नव्हती. नवरा गेला तेव्हाही नाही.

तेव्हा मीराबाई उठली आणि विनीतरावांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दादा, मना येकच सांग. तुमी जित्ते का मेले?”

“म्हणजे?”

“जित्ते असाल तं काठ्या खाली घाला. मेले असाल तं आमी रडून मोकल्या होताव. काठ्या हायत तशा र्‍हाऊ दे. रडून झाला का पोर निघते. रीतीत बसतो.”

विनीतरावांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले, कारण ‘रीतीत बसतो’ हे शब्द त्यांना कळतात. सभासदांची शंका एकच होती : मृत समजल्याने प्रतीक्षाक्रमावर परिणाम तर होणार नाही? नियमावली उघडली गेली. मृत्यूने हक्क रद्द होतो असे तिच्यात कुठेही नाही. उलट तो वारसांकडे जातो. मग अडचण उरली नाही. ठराव मांडला गेला : ‘सर्व काठीधारक सभासद सदर कार्यापुरते मृत समजण्यात यावेत. पार्किंगचा हक्क अबाधित राहील.’ बाल्कन्यांतून हात वर झाले. एकमत. आमच्या सोसायटीच्या इतिहासातले, कड्यांच्या रंगाचा ठराव सोडला तर, पहिले आणि एकमेव.

मीराबाईच्या बायका कामाला लागल्या. पण खोटे रडणे त्यांना माहीत नाही. मेलेल्याचे काहीतरी चांगले आठवून रडायचे असते. त्यांनी वॉचमन रघूला पुढे घेतले.

“ह्यो कोन?”

“फ्लॅट एकशे दोन. बँकेत असतात.”

“काय बरा केला त्यानं?”

रघूने डोके खाजवले. “गाडी रिव्हर्स चांगली घेतात.”

“गारी मागं घ्यायचास रं बाबाऽऽ,” बायकांनी सूर धरला, “आता कोन घेल रंऽऽ!”

एकशे तीनबद्दल रघूला काही आठवेना. एकशे चारबद्दलही नाही. विनीतरावांची सही सुवाच्य असते असे तो म्हणाला, तेव्हा सहीला रडून झाले. मृणालने दिवाळीत एकदा त्याला करंज्या दिल्या होत्या. त्या खवट होत्या, पण दिल्या होत्या. कुंडलिकरावांच्या दोन काठ्यांना एकदाच रडणार हे कळल्यावर त्यांनी बाल्कनीतून हरकत घेतली. पाणी उतरत होते. शेवटी मधल्या साठ-सत्तर जणांना एकत्र रडावे लागले, कारण त्यांचे चांगले असे काही सापडत नव्हते आणि वेळही नव्हता. मृतांपैकी बहुतेक जण व्हिडिओ काढत होते.

मग एक्केचाळीस क्रमांकाची काठी आली. रघूने माझ्याकडे बोट केले. मीराबाईने मला ओळखले. तिच्या चारही पोरांना मीच टोचले आहे.

“नर्सबाई,” ती म्हणाली, “तुमीपन?”

मी म्हटले, “मुलाने घेऊन दिली.”

 ती खाली बसली आणि रडली. “हात हलका गो तुजाऽऽ, पोरांना कललाबी नाय गोऽऽ, पावसात भिजत यायचीस गोऽऽ...” रघूला काही विचारावे लागले नाही. मी बाजूला उभी राहून ऐकले. चांगली रडली. माझ्या वयाला हे आधी ऐकायला मिळणे म्हणजे सोयच. नंतर ऐकू येत नाही.

बायकांनी गाड्या धुवायच्या नळीखाली अंघोळी उरकल्या. (समितीने खास बाब म्हणून परवानगी दिली.) मीराबाईची होडी पुढे गेली, आणि गोविंदाने नऊ नंबरमधली काठी विटांवरून उचलली. अख्ख्या संकुलात आडवी राहिलेली ती एकच. रुपाली होडीत बसली, सखुबाईने तिच्या ओटीत नारळ घातला. मध्यावर होडी जराशी अडखळली.  गोविंदाने काठी गाळात टेकवली, अंगाचा भार टाकला, ठोकळ्याने आपले काम केले, आणि होडी कापलेल्या वाटेतून पलीकडे लागली. ताट ओवाळले गेलेले इकडून दिसले.

“सात झाल्या,” सखुबाई म्हणाली आणि मग ती रडली. ते रडणे मात्र कुणाच्याही क्रमांकाचे नव्हते.

आम्ही वळलो तेव्हा नऊ नंबरमध्ये कुंडलिकरावांची गाडी लागलेली होती. दिवंगत असूनही त्यांनी ती फार सफाईने लावली होती. गोविंदा काठी परत घेऊन आला. जागा नाही म्हणून सखुबाईने ती समितीच्या कार्यालयाच्या उंबऱ्यासमोर आडवी टाकली. अजून तिथेच आहे. सभेला जाताना सगळे तिला ओलांडून जातात.

भाद्रपदात सर्वपित्रीला पलीकडून पुन्हा होडी आली. रुपालीने आणि मीराबाईने एकशे त्रेचाळीस पाने वाढून आणली होती : भात, वडे, भोपळ्याची भाजी. एकेका काठीखाली एकेक पान ठेवून त्या हात जोडून परत गेल्या. कावळे शिवतात का हे पाहायला कुणी थांबले नाही, कारण सभासद आधीच खाली उतरले होते. समितीने सूचना काढली की पान आपापल्या क्रमांकाखालचेच घ्यावे. वड्यांच्या संख्येबाबत तीन तक्रारी आल्या. यांत्रिक पार्किंग अजून झालेले नाही.

तुम्ही हसत असाल. हसा. परवा मीराबाईचा फोन आला होता. (मयताशी फोनवर बोलायला त्यांच्यात मनाई नाही.) ती म्हणाली, “नर्सबाई, खाली ठान्याच्या अंगाला बिल्डिंगी दिसतात. तिथं काठ्या नाय, पन काय काय उभं हाय, आन् कोनी खाली घेत नाय. त्यांना रडून झाला का कोनाचा?”

मी म्हटले, विचारून सांगते.

तेव्हा आपले नाव आणि घर क्रमांक कळवावा. आणि स्वतःबद्दलची एखादी चांगली गोष्ट आठवून ठेवावी. रघूला प्रत्येकाची सापडत नाही.